शर्यतीचं हेल्मेट निवडताना

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाड्यांची तपासणी सुरू झाली की स्क्रूटिनिअर तुमचं हेल्मेट हातात घेतो आणि आधी ते उलटं करतो. बाहेरचा रंग, कंपनीचं नाव, कार्बन फायबरची चमक यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. आतलं कापडी अस्तर बाजूला सारून तो एक छोटा स्टिकर शोधतो. त्यावरची अक्षरं आणि साल त्या स्पर्धेच्या नियमात बसलं, तर हेल्मेट पास. नाही बसलं तर हेल्मेट कितीही महागाचं असो, त्या दिवशी ते डोक्यावर चढवून ट्रॅकवर उतरता येत नाही.

हौशी शर्यतीत उतरणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. ट्रॅकवर गाडी चालवायची म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातात. अभियांत्रिकीच्या मुलांचे संघ स्वतः बनवलेली गाडी घेऊन ‘फॉर्म्युला भारत’ला उतरतात. टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शन यांवर ही मंडळी महिनोन् महिने चर्चा करतात. हेल्मेटचा विषय मात्र सगळ्यात शेवटी निघतो आणि बऱ्याचदा एका वाक्यात संपतो, ‘बाइकचं आहे की घरात!’ बाइकचं हेल्मेट बाइकसाठी चांगलंच असतं. पण मोटारीतला अपघात वेगळा असतो, आणि स्टिकरवरची अक्षरं नेमकं हेच सांगतात की हे हेल्मेट कोणत्या अपघातासाठी तपासलेलं आहे.

या स्टिकरची सुरुवात एका हौशी शर्यतपटूच्या मृत्यूपासून झाली. विल्यम ‘पीट’ स्नेल हा अमेरिकेतला लोकप्रिय हौशी ड्रायव्हर १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला जबर मार लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि त्या काळी जे उत्तम समजलं जाई तसंच होतं. तरी ते डोकं वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांच्या पुढाकाराने त्याच्या मित्रांनी आणि सहस्पर्धकांनी स्नेल मेमोरियल फाउंडेशन स्थापन केलं. तोवर हेल्मेट चांगलं की वाईट हे विकणाराच सांगायचा. या लोकांनी हेल्मेटं आपटून, मोजून पाहायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये आपलं पहिलं मानक जाहीर केलं. आजही ही संस्था प्रमाणपत्र देऊन थांबत नाही. बाजारात विक्रीला आलेली हेल्मेटं मधूनमधून उचलून ती पुन्हा फोडून पाहते. कारखानदाराने तपासणीला दिलेला नमुना आणि दुकानात येणारा माल यांत फरक पडू नये, यासाठी हे चालतं. अमेरिकेतल्या डॉट या सरकारी मानकात कारखानदार स्वतःच आपलं हेल्मेट नियमात बसतं असं जाहीर करतो. म्हणूनच नुसतं डॉटचं स्टिकर असलेलं हेल्मेट बहुतेक शर्यतींत चालत नाही.

हेल्मेट नेमकं काय करतं, हे कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. बाहेरचं कडक कवच माराचा जोर एका बिंदूवर न ठेवता पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. डोकं वाचवण्याचं मुख्य काम त्याच्या आतला थर करतो. हा थर म्हणजे आपल्या ओळखीचा थर्माकोल, अर्थात जास्त दाट आणि जागोजागी घनता बदलत नेलेला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले लोंबार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये असा चेपणारा थर असलेल्या हेल्मेटचं पेटंट मिळवलं. जोरात आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात थोडे मागे घेतो, तसं हा थर डोक्याला थांबायला जागा देतो.

ही जागा किती मोलाची आहे ते आकड्यांत पाहू. तीन मीटर उंचीवरून पडलेलं डोकं जमिनीपाशी साधारण ताशी २८ किलोमीटर वेगाने पोचतं. ते तीन मिलिमीटरमध्ये थांबलं तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट, म्हणजे १००० जी इतका झटका बसतो. तेच तीन सेंटिमीटरमध्ये थांबलं तर झटका १०० जीच्या आसपास येतो. पहिल्यात वाचणं जवळजवळ अशक्य, दुसऱ्यात माणूस बहुधा उठून चालू लागतो. सगळा फरक त्या तीन सेंटिमीटर थर्माकोलचा. मात्र तो थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, आणि तो चेपला आहे हे बाहेरून दिसतही नाही. मोठा मार खाल्लेलं हेल्मेट म्हणूनच बाद करायचं आणि ज्याचा इतिहास माहीत नाही असं जुनं हेल्मेट विकत घ्यायचं नाही. या बाबतीत घासाघीस नको.

आता बाइक आणि मोटार यांतला फरक पाहू. बाइकवरून पडलेला माणूस गाडीपासून लांब फेकला जातो, बहुधा सपाट रस्त्यावर आपटतो आणि घसरत जातो. मोटारीतला ड्रायव्हर पट्ट्यांनी सीटला जखडलेला असतो. गाडी उलटली, कोलांट्या खाऊ लागली की त्याचं डोकं बाजूच्या लोखंडी रोल केजवर, म्हणजे गाडीच्या आतल्या नळ्यांच्या पिंजऱ्यावर, आदळतं. गाडीची दुसरी कोलांटी झाली की पुन्हा त्याच नळीवर आणि जवळजवळ त्याच जागी आदळतं. म्हणून स्नेलच्या मोटार शर्यतीच्या मानकात, म्हणजे ‘एसए’मध्ये, रोल केजच्या नळीसारख्या गोल लोखंडी पहारीवर हेल्मेट आपटून पाहतात आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटतात. युरोपातल्या ईसीई मानकाची बाइकची हेल्मेटं रस्त्यासाठी उत्तम असतात, पण ती या नळीवर तपासलेली नसतात. आपल्याकडच्या आयएसआय शिक्क्यामागचं आयएस ४१५१ हे मानकही दुचाकीस्वारासाठीच आहे. रस्त्यावर ते हेल्मेट जरूर घाला, शर्यतीच्या गाडीत नको.

दुसरा फरक आगीचा. बाइक पेटली तर माणूस तिच्याजवळ थांबत नाही. मोटारीतल्या माणसाला आधी पट्टा सोडायचा असतो, स्टिअरिंग बाजूला करायचं असतं, खिडकीची जाळी खोलायची असते आणि मग वाकून बाहेर यायचं असतं. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली. ६७ जीचा झटका बसला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच क्षणी इंधनाने पेट घेतला. ज्वाळांतून बाहेर यायला त्याला २७ सेकंद लागले. त्याच्या हातांना भाजलं, पण हेल्मेटच्या आतला चेहरा शाबूत राहिला. एसए हेल्मेटच्या कवचावर, हनुवटीच्या पट्ट्यावर आणि काचेवर प्रोपेनची ज्वाळा धरून पाहतात. ज्वाळा हटवल्यावर ते आपोआप विझलं पाहिजे आणि आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. बाइकच्या ‘एम’ मानकात ही चाचणी नसते. एम हेल्मेटचं अस्तर साधं, पेट घेणारं असू शकतं. गालाला चिकटलेलं असं अस्तर वितळलं तर काय होईल, याची कल्पना एकदा मनात आणावी, म्हणजे दोन शिक्क्यांतला फरक पुन्हा विसरला जाणार नाही.

तिसरा फरक पटकन दिसतो. बाइकस्वाराला आजूबाजूची रहदारी पाहावी लागते, म्हणून एम हेल्मेटची खिडकी रुंद असते. मोटारीतल्या ड्रायव्हरकडे आरसे असतात, त्यामुळे एसए हेल्मेटची खिडकी लहान ठेवता येते आणि चेहऱ्याचा जास्त भाग कवचाखाली येतो. काचेचीही परीक्षा होते. ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने शिशाचा टोकदार छर्रा तिच्यावर मारतात आणि तो आरपार जाता कामा नये. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा कसा येतो हे ज्याने पाहिलंय, त्याला या परीक्षेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर फेलिपे मासा याला २००९ मध्ये हंगेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली सस्पेन्शनची स्प्रिंग डोळ्याच्या वर लागली आणि त्याची कवटी फुटली. त्यानंतर फॉर्म्युला वनच्या हेल्मेटमध्ये काचेच्या वरच्या कडेवर झायलॉन या अतिशय चिवट धाग्याची पट्टी आली.

मग हौशी माणसाने घ्यायचं काय? बंद मोटारीतून ट्रॅकवर जायचं असेल तर एसए. कार्टिंगसाठी ‘के’ हे वेगळं मानक आहे. कार्टमध्ये सीटबेल्टच नसतो, चालक बाहेर फेकला जातो, त्यामुळे त्यात आगीची चाचणी नाही. लहान मुलांसाठी वेगळी, हलकी हेल्मेटं मिळतात. मुलाच्या कोवळ्या मानेवर मोठ्या माणसाच्या हेल्मेटचं ओझं घालू नये, आणि ‘अजून दोन वर्षं चालेल’ म्हणून एक माप मोठं तर अजिबात घेऊ नये. मोकळ्या मैदानात कोन मांडून होणाऱ्या कमी वेगाच्या ऑटोक्रॉसमध्ये अमेरिकेतले क्लब एम आणि केसुद्धा चालवून घेतात. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांतही एम आणि के चालत आले आहेत. तरी ज्या स्पर्धेत उतरायचं तिची त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून हेल्मेटचं कलम स्वतः वाचावं. मित्र सांगतो ते बहुधा दोन वर्षांपूर्वीचं असतं.

मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिचीही स्वतःची मानकं आहेत. ८८५९ हे सर्वसाधारण शर्यतींसाठी आणि ८८६० हे फॉर्म्युला वनसारख्या वरच्या पातळीसाठी. आपल्याकडचा मोटार क्रीडा महासंघ, एफएमएससीआय, एफआयएशी जोडलेला आहे. पुढेमागे राष्ट्रीय स्पर्धेत किंवा रॅलीत उतरायचा विचार असेल तर एसए आणि ८८५९ असे दोन्ही शिक्के असलेलं हेल्मेट घेणं शहाणपणाचं. ८८६०चं हेल्मेट हौशी माणसाला लागत नाही. तेवढ्या पैशांत चांगलं एसए हेल्मेट, मान सांभाळणारं साधन आणि आगरोधक बालाक्लावा, म्हणजे हेल्मेटखाली घालायची टोपी, असं सगळं येऊ शकतं.

शिक्क्यावरचं साल नीट पाहावं. स्नेलचं मानक साधारण दर पाच वर्षांनी नवं होतं. एसए२०१०, एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५. बरेच क्लब शेवटच्या दोन आवृत्त्या स्वीकारतात. म्हणजे नवी आवृत्ती बाजारात यायच्या तोंडावर जुनीवर मोठी सूट मिळते, तेव्हा तुम्ही हेल्मेटच्या आयुष्यातली चार-पाच वर्षं सोडून देत असता. सूट भरघोस असेल आणि वर्षभरातच खूप शर्यती करायच्या असतील तर हा सौदा परवडतो. एरवी थोडं थांबून नवी आवृत्ती घ्यावी. नियमांचा भाग सोडला तरी पाच वर्षांनी हेल्मेट बदलावं असं स्नेल सांगते. घाम, डोक्याचं तेल, ऊन, साफसफाईची रसायनं यांनी गोंद आणि अस्तर हळूहळू झिजत जातं.

आता मानेकडे वळू, कारण मोटार शर्यतीत हेल्मेटचा विचार मानेशिवाय पुराच होत नाही. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं आणि हेल्मेट दीड किलोचं. गाडी समोर आदळून ५० जीचा झटका बसला तर हे साडेसहा किलो क्षणभर सव्वातीनशे किलोच्या जोराने पुढे ओढले जातात. छाती पट्ट्यांनी मागे धरलेली, डोकं पुढे निघालेलं, आणि मधे मान. डोकं कशालाही न आदळता कवटीचा तळ फुटतो तो असा. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्याबरोबर १९८०च्या दशकात यावर ‘हान्स’ हे साधन तयार केलं. खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर, ती हार्नेसच्या दोन्ही पट्ट्यांखाली दाबलेली, आणि तिच्यापासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या आखूड दोऱ्या. धडक झाली की डोक्याचा भार मानेऐवजी या दोऱ्या घेतात. बरीच वर्षं ड्रायव्हर मंडळींनी त्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांना ते अवघड, अडचणीचं वाटायचं. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकेतला शर्यतपटू डेल अर्नहार्ट नेमका कवटीचा तळ फुटून गेला, आणि त्याच वर्षी तिथल्या नॅस्कार या शर्यत संघटनेने असं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हान्स सक्तीचं झालं.

हेल्मेट घेताना याचा संबंध असा की त्या दोऱ्या अडकवायला कवचाच्या दोन्ही बाजूंना आटे पाडलेली भोकं लागतात. एसए२०१५ पासून ती प्रत्येक एसए हेल्मेटमध्ये असतात. आज हान्स घ्यायचं नसलं तरी हेल्मेट त्यासाठी तयार मिळतं. बाइकच्या हेल्मेटला घरी ड्रिल मारून खिळे बसवण्याचा उद्योग करू नये. भोक पाडलं की तिथे कवच कमकुवत होतं आणि धडकेत तो खिळा उपटून येतो. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. हान्सला दोन्ही खांद्यांवरून येणारा पाच-सहा टोकांचा हार्नेस लागतो. रोजच्या गाडीच्या एका खांद्यावरच्या सीटबेल्टबरोबर ते काम करत नाही.

हे सगळं बरोबर असलं आणि माप चुकलं, तर सगळं वाया. मला विचाराल तर शिक्का पक्का झाल्यावर उरलेला सगळा वेळ मापावर घालवावा. भुवयांच्या वर साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून माप घ्यावं. ते कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावं, कारण एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या लार्जएवढं असू शकतं. पण टेप फक्त परीघ सांगतो, आकार सांगत नाही. कुणाचं डोकं पुढून मागे लांबट असतं, कुणाचं गोल. गोल साच्याचं हेल्मेट लांबट डोक्यावर घातलं की कपाळाला आणि मागे दुखतं आणि कानांच्या वर मात्र पोकळी राहते. असं हेल्मेट कितीही नावाजलेलं असो, ते आपलं नव्हे. दुसऱ्या कंपनीचं पाहावं.

दुकानात घालून पाहताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून हेल्मेट चढवावं. नवं हेल्मेट कानांवरून जाताना घासलं पाहिजे, अगदी सहज गेलं तर ते मोठं आहे. आत गाल दाबले जाऊन किंचित दातांमध्ये आले पाहिजेत. मग समोरच्याला दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवायला सांगावं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट डोक्यावर फिरलं आणि कातडी जागेवर राहिली तर एक माप खाली उतरा. मग पट्टा आवळून मागच्या कडेला धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढायचा प्रयत्न करावा. डोळ्यांवर सरकलं किंवा निघू लागलं तर धडकेतही ते निघणार. शर्यतीच्या हेल्मेटना दोन कड्यांचा पट्टा असतो. तो पहिल्या कड्यातून आणि दुसऱ्यातून घालून उलटा पहिल्याच्या आतून काढायचा असतो. घरी आरशासमोर डोळे मिटून जमेपर्यंत सराव करावा, कारण गाडीत बसल्यावर हनुवटीखालचं काही दिसत नाही.

एवढ्यावर दुकानातून निघू नये. हेल्मेट अर्धा तास डोक्यावर ठेवावं. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पहिल्या पाच मिनिटांत काही कळत नाही. एखाद्या जागी दुखायला लागलं असेल तर ते विसाव्या मिनिटाला कळतं, आणि काढल्यावर कपाळावर लाल डाग दिसतो. गालाच्या गाद्या बदलता येतात, कवचाचा साचा बदलता येत नाही. म्हणून गालांवर थोडा जास्त दाब चालेल, कपाळावर नको. चष्मा असेल तर तो घालून पाहावं. बालाक्लावा वापरणार असाल तर तोही. जमलं तर आपल्याच गाडीत बसून पाहावं. उंच माणसाचं हेल्मेट छताला किंवा रोल केजला टेकतं, आणि तसं टेकत असेल तर सीट खाली घेतल्याशिवाय ट्रॅकवर जाता येणार नाही.

पैशांबद्दल थोडं. शिक्का एकदा मिळाला की स्नेल हेल्मेटांना क्रमांक लावत नाही. साध्या फायबरग्लासचं हेल्मेट आणि त्याच्या तिप्पट किमतीचं कार्बन फायबरचं, दोन्ही त्याच चाचण्यांतून गेलेली असतात. महागात तुम्हाला कमी वजन मिळतं, हवा जास्त खेळती राहते, आवाज कमी येतो, अस्तर काढून धुता येतं. चेन्नईच्या उन्हात काच लावलेल्या हेल्मेटमध्ये वीस मिनिटं बसल्यावर हवेचं महत्त्व कळतं, आणि मानेवरचे दोनशे ग्रॅम वाचले तर दिवसभरात फरक पडतो. हे सगळं सुखाचं आहे आणि परवडत असेल तर जरूर घ्यावं. पण बजेट आवळलेलं असेल तर साध्या कवचाचं, नीट बसणारं एसए हेल्मेट घेऊन उरलेले पैसे हान्सकडे वळवावेत, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

घरी आणल्यावर कवचावर थिनर किंवा पेट्रोल लावू नये. रंगवायचं असेल तर कोणता रंग चालतो ते आधी कंपनीला विचारावं. काही रसायनं कवच आतून ठिसूळ करतात. शर्यतीनंतर घामाने भिजलेलं हेल्मेट तसंच पिशवीत कोंबू नये, सावलीत वाळवावं आणि पेट्रोलच्या कॅनजवळ ठेवू नये. आरशावर किंवा सीटच्या टोकावर अडकवूनही ठेवू नये, टोकाचा दाब थेट आतल्या थर्माकोलवर येतो. रिकामं हेल्मेट हातातून घसरून पडलं तर बहुतेकदा ते वापरता येतं, कारण आत डोक्याचं वजन नसतं. कवचाला तडा दिसला किंवा आतला थर दबलेला लागला तर कंपनीकडे तपासणीला पाठवावं. डोक्यावर असताना ते जोरात कशावर आदळलं असेल, तर तपासणीचीही वाट पाहू नये. पट्टा कापून टाकावा, म्हणजे दुसरं कुणी चुकून ते वापरणार नाही, आणि पुढच्या शर्यतीआधी नवं घ्यावं.